यात तुमचा काही दोष नाही

ज्या माणसाला 'नाही' म्हणता येत नाही त्याने संस्था काढू नये, आणि काढलीच तर निदान नोकर तरी ठेवू नयेत. मॅडमना हे कोणी सांगितलं नव्हतं अशातला भाग नाही. साहेबांनी सांगितलं होतं. पण साहेब म्हणजे मॅडमचे यजमान, आणि दिवसभर फी घेऊन परक्यांचं ऐकल्यावर घरच्या माणसाचं फुकट ऐकण्याइतकं बळ मॅडमच्या अंगात उरत नसे.

मॅडम समुपदेशनाचं काम करत. इमारतीच्या तळमजल्यावर त्यांच्या दोन खोल्या होत्या. बाहेरच्या खोलीत लोक वाट बघायचे आणि आतल्या खोलीत रडायचे. एका माणसाला पन्नास मिनिटं. तासातल्या उरलेल्या दहा मिनिटांत मॅडमनी चहा प्यायचा, तोंडावर पाणी मारायचं आणि ताज्या चेहऱ्याने पुढच्या दुःखाला सामोरं जायचं. बरीच वर्षं हे सुरळीत चाललं. पुढे लोकांची दुःखं वाढली की आपल्याला दुःख आहे हे कळणारे लोक वाढले, देव जाणे, पण रांग इतकी लांबली की नंबर लागेपर्यंत माणूस एकतर आपोआप बरा झालेला असायचा नाहीतर कामातून गेलेला. मॅडमची झोप उडाली. जेवताना त्या साहेबांना "मग तेव्हा तुम्हाला काय वाटलं?" असं विचारू लागल्या. साहेबांनी फक्त मीठ मागितलेलं असायचं.

तेव्हा मॅडमनी ठरवलं की हा गाडा एकटीने ओढायचा नाही. शेजारच्या दोन खोल्या भाड्याने घ्यायच्या, आणखी दोन समुपदेशक नेमायचे, दारात बसायला एक बाई ठेवायची आणि आपण थोडं ऐकायचं, थोडी व्यवस्था बघायची. कागदावर हे फार सुंदर दिसलं.

पण या सगळ्यात ज्याचा खरोखर जीव गुंतलेला होता त्या माणसाबद्दल आधी सांगायला हवं. ते म्हणजे गुरुवारचे शिंपीकाका. कपड्यांच्या कारखान्यातून कमी केल्यावर ते घरीच मशीन चालवत. बायको गेली आणि बोलायला कोणी उरलं नाही. तिच्या आजारपणातल्या उरलेल्या गोळ्या त्यांनी पत्र्याच्या एका डब्यात साठवून ठेवल्या होत्या. त्या कशासाठी, हे त्यांनी पहिल्याच गुरुवारी सदऱ्याचं माप सांगावं इतक्या शांतपणे सांगून टाकलं. मॅडमनी महिनोन् महिने खपून तो डबा त्यांच्याकडून आपल्या कपाटात आणला. काकांची अट एकच होती. "टाकायचा नाही. वस्तू माझी आहे. फक्त तुमच्याकडे राहू दे." मॅडमनी शब्द दिला. तेव्हापासून दर गुरुवारी काका आल्याआल्या विचारायचे, "डबा आहे ना?" मॅडम म्हणायच्या, "आहे." काका म्हणायचे, "असू दे." मग बोलणं सुरू व्हायचं.

"अगं, फेकून दे तो," साहेब एकदा म्हणाले होते.

"अहो, विश्वासाचा प्रश्न आहे."

"मग विश्वास डब्यात ठेव आणि गोळ्या फेक."

साहेब विमा कचेरीतून निवृत्त झालेले, त्यांना मनाची गुंतागुंत काय कळणार, असं मॅडमना वाटलं. या गोष्टीत साहेबांना जे जे कळणार नाही असं मॅडमना वाटलं, ते ते त्यांना कळत होतं. पण नवऱ्याचं बरोबर निघणं ही गोष्ट बायकोच्या लक्षात नेहमी उशिराच येते.

आता संस्थेकडे वळू. परवाना कचेरीतल्या कारकुनाने चष्मा कपाळावर चढवून विचारलं, "तुम्ही नक्की विकता काय?" मॅडम म्हणाल्या, "काही नाही. आम्ही ऐकतो." कारकुनाने यादी वरून खाली आणि खालून वर वाचली. ऐकण्याचा परवाना नव्हता. औषध देत नाही म्हणून दवाखाना नाही, शिकवत नाही म्हणून वर्ग नाही. शेवटी त्याने स्वतःच्या मेहुण्याचं लग्न कसं मोडलं ते मॅडमना सविस्तर सांगितलं, त्याला जरा बरं वाटलं, आणि त्याने 'केशकर्तनालय व तत्सम सेवा' या सदरात शिक्का मारून दिला. तो कागद चौकटीत घालून भिंतीवर टांगावा लागतो. मॅडमनी तो कुंडीमागे टांगला.

त्यानंतर सोसायटीचे सेक्रेटरी. ते वरच्या मजल्यावर राहत आणि सगळ्या इमारतीवर लक्ष ठेवत.

"मॅडम, तुमच्याबद्दल आदरच आहे, पण असले लोक जिन्यावरून ये-जा करणार."

"तळमजला आहे. जिना लागतच नाही."

"लागत नाही, पण दिसतो ना त्यांना."

दोन दिवसांनी सेक्रेटरी स्वतःच आले आणि ना-हरकत पत्र देतो म्हणाले. फक्त त्यांची एक भावजय होती, घरी बसून कंटाळली होती, माणसांची भारी आवड होती तिला. अशा रीतीने वहिनी दारातल्या टेबलावर आल्या.

वहिनींना माणसांची आवड होती हे खोटं नव्हतं. समुपदेशनाच्या धंद्यात नाव कधी मोठ्याने घ्यायचं नसतं, हे मॅडमनी त्यांना पहिल्या दिवशी बजावलं. वहिनींनी ते तंतोतंत पाळलं. भरलेल्या खोलीत त्या हाक मारायच्या, "ते बायकोला घाबरणारे कोण आहेत? चला, तुमचा नंबर." तीन गृहस्थ एकदम उठायचे.

समुपदेशकांच्या मुलाखतींची तऱ्हा आणखी वेगळी. पहिले उमेदवार आले, बसले, प्रसन्नपणे मान हलवली. त्यांना शिकवलेलं होतं की समोरच्याला आधी बोलू द्यावं. मॅडमनाही तेच शिकवलेलं होतं. दोघं एकमेकांकडे समजूतदारपणे बघत बसले. चहा आला, निवला, त्यावर साय धरली. बऱ्याच वेळाने उमेदवार हळूच म्हणाले, "ही शांतता तुम्हाला काय सांगते?" मॅडमना त्यांच्या मनाची खोली जाणवली आणि त्यांनी जागच्या जागी नेमणूक केली. साहेबांनी या गृहस्थांचं नाव मौनी ठेवलं. दुसऱ्या बाई इतक्या हळव्या की मुलाखतीत मॅडमनी कामाचे तास सांगितले तरी त्यांचे डोळे भरून आले. पुढे त्या पेशंटच्या आधी रडू लागत, आणि बरीच भली माणसं आपलं दुःख बाजूला ठेवून त्यांची समजूत घालून, फी देऊन घरी जात.

सगळ्यात मोठा घोटाळा झाला तो पडद्यांचा. चार खोल्यांच्या दारा-खिडक्यांना आठ नवे पडदे आणले ते हातभर लांब निघाले. जमिनीवर लोळायचे, त्यात पाय अडकून माणसं पडायची. आधीच मनाने पडलेला माणूस दारातच तोंडावर आपटला तर त्याचा समुपदेशनावरचा विश्वास कितीसा राहणार? शिंपीकाकांचा हात ते पडदे बघून शिवशिवायचा. एका गुरुवारी त्यांनी विचारलंही, "मॅडम, देऊ का आखूड करून? चार दिवसांचं काम आहे."

मॅडमना मोह झाला. पण या व्यवसायात नियम असतो, पेशंटकडून काम करून घ्यायचं नाही, नात्याची सरमिसळ होते. त्या गोड आवाजात म्हणाल्या, "काका, इथे तुम्ही काम करायला येत नाही."

"बरं," काका म्हणाले आणि हात मांडीखाली घेऊन बसले.

पडदे आखूड करायला कोणाकडे द्यायचे, कोणी न्यायचे, यावर कर्मचाऱ्यांची बैठक भरली. बैठकीचा नियम मॅडमनीच केला होता. मध्ये एक निळी उशी, आणि ती ज्याच्या मांडीवर असेल त्यानेच बोलायचं. बाकीच्यांनी मनापासून ऐकायचं. मौनींनी उशी बराच वेळ मांडीवर ठेवली आणि न बोलता पुढे दिली. हळव्या बाईंनी उशी भिजवली. वहिनींनी उशीची खोळ धुवायला झाल्याचं सांगितलं. सगळ्यांना मोकळं वाटलं आणि पडदे तिथेच लोळत राहिले.

गाडं खरं अडलं ते वहिनींपाशी. 'अंथरुणात दात खाणारे' या हाकेनंतर एका प्राध्यापकांनी येणं बंद केलं तेव्हा साहेब म्हणाले, "तिला काढ. मी चाळीस माणसं सांभाळली, त्यातली सहा काढली. तीन वाक्यांचं काम असतं." आणि त्यांनी ती तीन वाक्यं पाठ करून घेतली. आपण बरीच वाट बरोबर चाललो. आता तुमच्यासाठी वेगळी व्यवस्था करायची वेळ आली आहे. यात तुमचा काही दोष नाही. मॅडमनी ती भाजी चिरताना म्हटली, केस विंचरताना म्हटली. आवाज मऊ ठेवायचा, पण वाक्य संपल्यावर थांबायचं नाही, कारण थांबलं की समोरचा बोलतो आणि मग आपले बारा वाजतात, असं साहेबांचं सांगणं होतं.

गुरुवारी सकाळी मॅडमनी वहिनींना आत बोलावलं. "वहिनी, आपण बरीच वाट बरोबर चाललो," त्या म्हणाल्या, आणि जन्माच्या सवयीने थांबल्या.

"हो ना मॅडम," वहिनी म्हणाल्या, "आणि इथे निदान कोणी बरोबर चालतं तरी. घरी काय आहे?" मग घरी काय आहे ते निघालं. मॅडमची मान आपोआप हलू लागली, हात आपोआप रुमालांच्या खोक्याकडे गेला. पन्नास मिनिटांनी वहिनी उठल्या, डोळे पुसले आणि म्हणाल्या, "किती हलकं वाटलं हो. पुढच्या आठवड्यात याच वेळेला येऊ ना?" मॅडम म्हणाल्या, "या." म्हणजे काढायला बोलावलेल्या बाईला आता पगाराच्या वेळेत दर आठवड्याला फुकट समुपदेशन मिळणार होतं. मॅडमना स्वतःची लाज वाटली. तोंडात उरलेली दोन वाक्यं तशीच अडकून बसली होती.

त्यानंतर लगेच शिंपीकाका आत आले. "डबा आहे ना?"

"आहे."

"असू दे."

आता असं होतं की सगळ्या जुन्या पेशंटांची वाटणी व्हायची होती. संस्था एका माणसाच्या जिवावर चालू नये, हे तत्त्व मॅडमनीच मांडलेलं. काकांना शांत माणूस बरा पडेल म्हणून त्यांना मौनींकडे द्यायचं ठरलं होतं. हे कसं सांगावं याचा विचार करायला मॅडमना वेळच मिळाला नव्हता, आणि पाठ केलेलं सगळं जिभेवर तयार होतं. त्यांनी तोंड उघडलं आणि ते एका दमात बाहेर पडलं. आवाज मऊ होता. कुठेही थांबल्या नाहीत. साहेबांनी ऐकलं असतं तर पाठ थोपटली असती.

काका ऐकत राहिले. मग म्हणाले, "माझ्याकडून काही चुकलं का?"

"छे छे. यात तुमचा काही दोष नाही," मॅडमनी तिसरं वाक्य दुसऱ्यांदा म्हटलं.

"बरं," काका म्हणाले. जाताना त्यांनी खुर्ची नीट आत सरकवली, असं मॅडमना नंतर आठवलं.

पुढचे दोन गुरुवार काका मौनींसमोर बसले. काका कोणी विचारल्याशिवाय बोलायचे नाहीत आणि मौनी कोणी बोलल्याशिवाय विचारायचे नाहीत. मौनींनी मॅडमना कौतुकाने सांगितलं की इतकी सखोल सत्रं त्यांनी आयुष्यात घेतली नव्हती. मॅडमनाही बरं वाटलं. त्या तेव्हा वीजमंडळाशी पत्रव्यवहार करत होत्या, कारण केशकर्तनालयाचा वीजदर वेगळा असतो.

तिसऱ्या गुरुवारी दुपारी बैठक होती. उशी वहिनींच्या मांडीवर होती. "मला आज फार समाधान वाटतंय," वहिनी म्हणाल्या, कारण वाक्याची सुरुवात भावनेने करायची असते हे त्यांना आता येत होतं. "मी ते जुनं कपाट आवरलं. किती अडगळ साठली होती. आणि सकाळी ते शिंपीकाका आले होते, आत गेले नाहीत, दारातूनच म्हणाले, आता माझं इथलं काम संपलं, माझी एक वस्तू आहे ती द्या. पत्र्याचा डबा होता बघा. देऊन टाकला. लोकांच्या वस्तू आपण कशाला ठेवायच्या?"

मॅडमना बोलायचं होतं. पण उशी त्यांच्याकडे नव्हती. आणि खरं सांगायचं तर पहिला क्षणभर त्या उशीकडेच बघत राहिल्या, इतकी ती सवय हाडीमाशी भिनली होती. हळव्या बाई वहिनींकडे ओल्या डोळ्यांनी बघून मान हलवत होत्या. मौनी शांतता धरून होते. एका माणसाच्या मरणाची बातमी त्या वर्तुळात फिरत होती आणि ती जाणणारी एकटी बाई आपली पाळी यायची वाट बघत होती.

मग मॅडम उठल्या. पडद्यात पाय अडकून गुडघ्यावर पडल्या, पुन्हा उठल्या आणि तशाच बाहेर पळाल्या. फाटकापाशी सेक्रेटरी उभे होते. "मॅडम, जरा बोलायचं होतं, त्या चपलांच्या रांगेबद्दल..." ते म्हणाले. "बाजूला व्हा," मॅडम म्हणाल्या. इतक्या वर्षांत त्यांनी कुणाला मध्येच तोडलं असेल तर ते हेच. सेक्रेटरी खरोखरच बाजूला झाले, आणि आपण बाजूला झालो याचंच सेक्रेटरींना पुढे फार वाईट वाटलं.

काकांची खोली मागच्या गल्लीत होती. पत्ता मॅडमना ठाऊक होता, पण त्या तिथे कधी गेल्या नव्हत्या, कारण पेशंटच्या घरी जायचं नाही हाही एक नियम होता. गल्ली लांबलचक होती. आपण काय काय ऐकलं आणि नेमकं काय ऐकलं नाही, हे त्या सबंध गल्लीभर मॅडमना कळत गेलं. माझ्याकडून काही चुकलं का, असं एक माणूस विचारत होता, आणि आपण त्याला नवऱ्याकडून पाठ केलेलं वाक्य ऐकवलं. त्यांना रडायला येत होतं आणि धावताना रडता येत नव्हतं.

दार उघडंच होतं. काका खिडकीशी बसून हाताने पँटची दुमड घालत होते. मशीनच्या फळीवर, रिळांच्या शेजारी, डबा होता.

"या," काका म्हणाले. "तुमचा गुडघा फुटलाय."

"काका, डबा..."

"उघडला नाही अजून." त्यांनी सुई ओढली. "शनिवारी ही पँट द्यायची आहे. गिऱ्हाईकाचं अर्धं काम टाकून जाणं बरं दिसत नाही."

मॅडम खाली जमिनीवरच बसल्या. अशा वेळी काय बोलायचं ते त्यांनी वर्षानुवर्षं दुसऱ्यांना शिकवलं होतं. त्यातलं एक अक्षर आठवलं नाही.

"काका, मी तुम्हाला काढून टाकलं," त्या म्हणाल्या.

"हो, कळलं की मला. कारखान्यात पण असंच म्हणाले होते. दोष नाही म्हणाले."

"माझं चुकलं. ते सगळं दुसऱ्याच माणसासाठी पाठ केलं होतं मी."

काका जरा वेळ दुमडीकडे बघत राहिले. "मग त्या माणसाला काढलंत का?"

"नाही जमलं. कुणालाच काढता आलं नाही."

"म्हणजे मी एकटाच," काका म्हणाले, आणि त्यांच्या तोंडावर हसण्यासारखं काहीतरी येऊन गेलं.

दुमड वीतभर उरली होती. काका सावकाश टाके घालत होते, आणि मॅडमची नजर त्या वीतभर कापडावरून हलेना. ती चार बोटांवर आली तेव्हा त्या म्हणाल्या, "काका, माझे पडदे हातभर लांब आहेत. चार खोल्यांचे."

"तुमचा नियम आहे ना?"

"होता."

काकांनी शेवटचा टाका घातला, गाठ मारली, दोरा दाताने तोडला. पँटची घडी घातली आणि तिच्यावरून हात फिरवला.

"आठ पडदे म्हणजे मोठं काम आहे," काका म्हणाले.

"घाई नाही."

त्यांनी डबा फळीवरून उचलून मॅडमच्या बाजूला सरकवला.

त्या संध्याकाळी मॅडमनी साहेबांचं ऐकलं. गोळ्या औषधाच्या दुकानात जमा केल्या, आणि दुसऱ्या दिवशी काकांना घेऊन डॉक्टरांकडे गेल्या. तिथेच त्यांनी डबा रिकामा केल्याचं काकांना सांगितलं. दिलेला शब्द मोडला होता. काका म्हणाले, "डबा तरी परत द्या. बटणांना होईल."

वहिनींना मॅडमनी सोमवारी काढलं. एकच वाक्य लागलं, आणि त्यात वाट, व्यवस्था, दोष यातलं काही नव्हतं. त्याच दिवशी ना-हरकत पत्र परत मागण्यात आलं. जादा घेतलेल्या दोन खोल्या गेल्या, हळव्या बाई रडत गेल्या, मौनी काही न बोलता गेले. संस्था होती तेवढीच झाली, म्हणजे दोन खोल्या आणि एक बाई. रांग पुन्हा लांबली. मॅडमची झोप काही परत आली नाही. भिंतीवर केशकर्तनालय तेवढं राहिलं, कारण तो परवाना रद्द करायचा अर्जच त्या कचेरीत मिळत नव्हता.

पडदे मात्र चारच उरले. काका दर गुरुवारी येतात, डब्याबद्दल कुणी कुणाला विचारत नाही. आतल्या खिडकीशी बसून एक दुमड घालतात आणि टाके घालता घालता बोलतात. हात गुंतलेले असले की त्यांना जास्त बोलता येतं, हे मॅडमना पूर्वीच कळायला हवं होतं. पण चार पडद्यांना असा किती वेळ लागणार? चौथा पडदा खिडकीवर चढला त्या दिवशी काका जाताना खुर्ची नीट आत सरकवू लागले, आणि तशी ती त्यांनी आधी कधी सरकवली होती ते मॅडमना आठवलं.

तेव्हापासून दर बुधवारी, शेवटचा माणूस गेला की मॅडम कात्री घेऊन बसतात आणि एका पडद्याची दुमड उसवून ठेवतात. साहेब दारातून बघतात. दिवा तेवढा जवळ आणून ठेवतात.

"हा पडदा फार उसवतो, मॅडम," परवाच्या गुरुवारी काका म्हणाले.

"कापडच तसलं आहे, काका."

काकांनी दुमड बोटांवर घेतली. कात्रीने कापलेल्या दोऱ्याचं टोक उजेडात धरून नीट पाहिलं. शिंप्याला आपला टाका ओळखता येतो.

"कापड चांगलं आहे," ते म्हणाले, आणि खुर्ची पुढे ओढून त्यांनी सुईत दोरा ओवला.